डब की सबटायटल? धार्मिक चित्रपटांच्या ‘मूळ आवाजा’ची पार्श्वभूमी

ईस्टरच्या सुमारास मिरजेत येशूच्या जीवनावरचा चित्रपट चारचौघांत लावायचं ठरलं, की वाद ठरलेला. तरुणांना मूळ आवाज आणि खाली सबटायटल हवं असतं. घरातल्या थोरल्यांना कळणारी भाषा. पण त्या चित्रपटाला मूळ आवाज आहे का, हे आधी पाहायला हवं.

१९१०-११ च्या सुमारास फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. तो मूकपट होता, भाषेची अडचण आलीच नाही. बोलपट आले आणि प्रश्न सुरू झाला. आपल्या शेजारी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली हरिश्चंद्राची कथा मराठी आणि हिंदी अशी दोनदा चित्रित केली. दोन्ही मूळच, डब एकही नाही.

हीच रीत दिग्दर्शक मुस्तफा अक्काद यांनी इस्लामच्या उदयावरच्या १९७६ च्या ‘द मेसेज’साठी वापरली. इंग्रजीत पैगंबरांचे काका हमजा झाले अँथनी क्विन, अरबीत अब्दुल्ला गैथ.  त्यामुळे तिथे इंग्रजी आवृत्तीला डब समजून नाकारणं चूक आहे.

इटालियन दिग्दर्शक पाझोलिनी यांच्या येशूवरच्या १९६४ च्या चित्रपटात तर येशू झालेला तरुण स्पेनचा विद्यार्थी, त्याला इटालियन आवाज दिला दुसऱ्याच नटाने. म्हणजे मूळ प्रतच डब! उलट २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये अरामी, लॅटिन आणि हिब्रू मुद्दाम वापरल्या आहेत, दिग्दर्शक मेल गिब्सन यांना सुरुवातीला सबटायटलही नको होतं. तो डब करून पाहणं म्हणजे त्याचा प्राणच काढून घेणं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानावरचा १९७९ चा ‘जीझस’ मात्र लोकांना आपापल्या भाषेत ऐकवण्यासाठीच पुढे २,०००हून अधिक भाषांत डब झाला, त्यांत मराठीही आहे. आजी-आजोबा आणि पोरं एकत्र बसणार असतील तर मी तोच, मराठीतूनच लावायला सांगेन. मराठी बायबल वाचत आलेल्या माणसाला ती वचनं कानावर पडताच ओळखू येतात. धावत्या अक्षरांमागे पळताना तेवढी उसंत मिळत नाही.