सायबर विधी : मुंबईतील अध्ययन व अध्यापन

संगणकीय सुरक्षा, खासगीपणा आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्याशी निगडित कायद्याचा अभ्यास. मुंबईत शासकीय विधी महाविद्यालय (स्थापना १८५५), मुंबई विद्यापीठाचा विधी विभाग आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ ही त्याची मुख्य केंद्रे होत.

आरंभाविषयी एकमत नाही. सामान्यतः १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमापासून ही शाखा मोजली जाते. मात्र ‘रेडिफ’शी मिळत्याजुळत्या ‘रॅडिफ’ या संकेतस्थळ-नावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मनाई हुकूम दिला होता. पुराव्याच्या अंगाने पाहता या शाखेचा उगम ध्वनिफितीपर्यंत मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. युसुफअली इस्माईल नागरी या आरोपीच्या खटल्यात (१९६७) महापालिकेच्या कारकुनाच्या घरी पुस्तकांमागे मायक्रोफोन दडवून लाच देतानाचे संभाषण टिपले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती फीत ग्राह्य मानली. मुंबईचे तत्कालीन कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) आर. एम. मलकानी यांच्या खटल्यात (१९७२) दूरध्वनीवरील संभाषणाची फीतही स्वीकारली गेली. खासगीपणाचे संरक्षण अपराध्यासाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले. फितीत फेरफार झालेला नाही हे कसे दाखवायचे आणि चोरून ऐकण्याची मुभा कोणाला, हे दोन्ही प्रश्न आजच्या वर्गातही तितकेच जिवंत आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर २००० मध्ये पुरावा अधिनियमात आलेल्या कलम ६५ब ने इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या रूपाने दिले. ते अनिवार्य आहे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच निर्णयांत विसंगती होती. जालना विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल या प्रतिस्पर्धी उमेदवारांच्या वादात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक कार्यालयातील चित्रफितीवरून ठरवायचे होते. मूळ उपकरण हजर केले नसेल, तर प्रमाणपत्र हवेच, असा निर्वाळा १४ जुलै २०२० रोजी मिळाला. विद्यार्थ्याने हे निकालपत्र मुळातून वाचावे; सारांशावर भागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाची दिशा खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने (२०१७) बदलली. त्यातील प्रमुख मत लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड पूर्वी मुंबई विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक होते. या निकालाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात (२०१९) दूरध्वनी टॅपिंगचे आदेश रद्द केले. व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम २०२३ चा.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर असा स्वतंत्र अधिनियम नसल्याने अध्यापन प्रताधिकार (कॉपीराइट) आणि व्यक्तिमत्त्व हक्क (स्वतःचे नाव, चेहरा, आवाज यांच्या वापरावरील हक्क) यांच्या आधारे होते. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल रोखणारा मुंबई उच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा आदेश येथे महत्त्वाचा, पण तो अंतरिम आहे.