चौदा महिन्यांचा चुना

२०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेने ज्याची जागा घेतली, त्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं ११ वं कलम फक्त स्वच्छतेविषयी होतं, आणि त्यात मोघम असं फार थोडं होतं. जमिनीवरचा केरकचरा रोज झाडून काढायचा. कामाच्या खोलीची फरशी आठवड्यातून किमान एकदा धुवायची, गरज असेल तिथे जंतुनाशक घालून. भिंतींना आणि छताला १४ महिन्यांतून एकदा तरी चुना मारायचा.

या १४ महिन्यांचा हिशेब भारतात कोणी केला नव्हता. ब्रिटनच्या १९०१ च्या कारखाना कायद्यातही हीच मुदत होती, आणि तिचं मूळ आणखी शंभर वर्षं मागे जातं. १७८४ मध्ये मँचेस्टरजवळ रॅडक्लिफच्या कापूस गिरणीत तापाची साथ आली. डॉ. थॉमस पर्सिव्हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. ती गिरणी ज्यांची होती त्या थोरल्या रॉबर्ट पील यांनीच पुढे १८०२ चा कायदा संसदेत आणला: गिरणीच्या खोल्या वर्षातून दोनदा कळीचा चुना आणि पाण्याने धुवाव्यात. चुना निवडला गेला तो जंतू मारायला म्हणून नव्हे. जंतूंमुळे रोग होतो हे त्या वेळी माहीतच नव्हतं. तो स्वस्त होता आणि हवा तेवढा मिळत होता. मोठ्या इमारतींच्या सफाईचं सामान आजही याच निकषावर ठरतं.

पुढचं औषधही असंच टाकाऊतून आलं. दिवाबत्तीसाठी दगडी कोळशापासून गॅस काढताना डांबर उरायचं. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये त्यातून कार्बोलिक आम्ल वेगळं केलं, १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरने ते जखमांवर वापरलं. फरशीसाठी मात्र इतकं शुद्ध काही लागत नव्हतं. डांबरातलं तेल साबणात मिसळलं की काळं, दाट द्रावण होतं आणि पाण्यात ओतताच दुधासारखं पांढरं पडतं. इंग्लंडमध्ये जॉन जेज यांनी १८७७ मध्ये अशा द्रावणाचं पेटंट घेतलं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात शिरताच जो वास येत असे, तो याच कुळातल्या काळ्या फिनाईलचा.

मुंबईने कार्बोलिक मोठ्या प्रमाणावर पाहिलं ते प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. लगेच पालिकेने गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं, घरं जंतुनाशकाने धुतली, भिंतींना चुना मारला. रोग पसरवत होती उंदरांच्या अंगावरची पिसू. हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे एवढा खटाटोप बऱ्याच अंशी चुकीच्या शत्रूवर होता.

मला त्या शरद ऋतूतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रुग्णांना जबरदस्तीने उचलून नेण्याच्या धास्तीने लोक शहर सोडू लागले, तेव्हा प्रशासनाला सर्वांत मोठी भीती होती ती मैला उचलणारे हलालखोर आणि सफाईचे बिगारी निघून जाण्याची. ते गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे आयुक्तांना पक्कं ठाऊक होतं. कडक नियम काहीसे सैल झाले त्यामागे हे एक मोठं कारण होतं. शहर कोणाच्या बळावर चालतं, याची सरकारदरबारी इतकी उघड कबुली क्वचितच मिळते.

त्यानंतर औषधाची ताकद मोजायची पद्धत आली. रिडील आणि वॉकर यांनी १९०३ मध्ये कार्बोलिकशी तुलना करणारा गुणांक मांडला, आणि भारतीय मानकाने फिनाईलची प्रतवारी त्यावरच ठरवली: ताकद कार्बोलिकच्या १८ पट, १० पट की ५ पट. भिंतीची मुदत ठरली, बाटलीची ताकद ठरली. सफाई करणाऱ्याची नोकरी ठरवण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला तो ९ डिसेंबर १९७६ रोजी. केंद्र सरकारने १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली अधिसूचना काढली: केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई, धूळ पुसणं आणि राखण या कामांसाठी कंत्राटी कामगार नेमायला बंदी. मुंबईतून गेलेल्या एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अशा कामगारांना थेट सेवेत घ्यायला सांगितलं. पाचच वर्षांनी, ३० ऑगस्ट २००१ रोजी, भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल चुकीचा ठरवला आणि अधिसूचनाही रद्द केली, कारण प्रत्येक आस्थापनेचा वेगळा विचार न करता ती सरसकट काढली होती. कायद्याच्या भाषेत ते कारण पटण्यासारखं असेल. पण रोज लागणारं, कधीही न संपणारं काम तात्पुरतं मानण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

याचा परिणाम बादलीपर्यंत पोहोचतो. पाच लिटरच्या कॅनवर किती पाण्यात किती औषध घालायचं ते छापलेलं असतं. कॅन भांडारात राहतो. मावशींच्या हातात येते ती पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून दिलेली, बिनलेबलची मात्रा. ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, हे कंत्राट बदललं की नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि बहुतेकदा सांगितलं जात नाही. निविदेत फिनाईल किती लिटर हे असतं, तसं प्रशिक्षण किती तास आणि हातमोजे किती जोड हेही असायला हवं, आणि बिल मंजूर करण्याआधी ते तपासलं जायला हवं.