देव आपल्याला ओळखतो, पण ती खात्री कोणाची? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

देव माणसाला अंतर्बाह्य ओळखतो, हे ख्रिस्ती परंपरेत कधीच वादाचे नव्हते. १३९ वे स्तोत्र, उत्तम मेंढपाळाचा दृष्टांत आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्यांची उजळणी येथे नको. मात्र त्याच पवित्र शास्त्रात ओळखले जाणे हे दिलाशाचे तसे जाबाचेही कारण आहे, याकडे प्रवचनांत सहसा काणाडोळा होतो. आमोसाच्या पुस्तकात देव इस्राएलाला सांगतो की सर्व कुळांपैकी मी तुम्हांलाच ओळखले आणि म्हणूनच तुमच्या अपराधांचा जाब तुम्हांला विचारीन. तेव्हा खरा प्रश्न देवाच्या ज्ञानाचा नव्हता. जो माझे सर्व काही जाणतो तो माझ्यावर प्रेमही करतो, हे मला, माझ्यापुरते, निश्चित कळू शकते का, हा प्रश्न होता.

पहिली हजार-बाराशे वर्षे या प्रश्नाला वेगळे उत्तर देण्याची गरज फारशी भासली नाही. इ. स. ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील ऑगस्टीन या बिशपाने आपले आत्मनिवेदन थेट देवाला उद्देशून लिहिले आणि जो आपल्याला आधीच ओळखतो त्याला आपण हे का सांगत आहोत, असा प्रश्नही त्यातच उपस्थित केला. १२१५ मध्ये रोममधील धर्मपरिषदेने प्रत्येक सज्ञान विश्वासणाऱ्याने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे असे ठरवले, आणि देवाला ठाऊक असलेले मन माणसाच्या कानापर्यंत नेण्याची शिस्त सर्वत्र लागली. निवेदन केले, क्षमेचे शब्द ऐकले, तरी क्षमा खरोखर मिळाली का, ही धास्ती याच शिस्तीबरोबर वाढली असावी. ती किती खोल होती हे १४३१ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे चाललेल्या खटल्यात दिसते. शेतकरी घरातल्या जोन ऑफ आर्क या तरुणीला न्यायाधीशांनी विचारले की आपण देवाच्या कृपेत आहोत हे तुला ठाऊक आहे का. होय म्हटले तर तो उद्दामपणा ठरला असता, नाही म्हटले तर अपराधाची कबुली. नसेन तर देव मला तेथे आणो आणि असेन तर तेथेच ठेवो, असे तिने सांगितले.

ऑक्टोबर १५१८ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे हा प्रश्न कॅथलिक-प्रॉटेस्टंट फुटीच्या केंद्राशी आला. विटेनबर्गहून आलेल्या भिक्षूचे, म्हणजे मार्टिन लुथरचे, म्हणणे होते की क्षमेचे अभिवचन ऐकणाऱ्याने ते आपल्यासाठीच आहे असे निःशंक मानले पाहिजे, कारण शंका घेणे म्हणजे देवाला खोटे ठरवणे. रोमचा प्रतिनिधी असलेल्या कार्डिनल कायेतानने या मुद्द्याची चिकित्सा करताना, असे मानणे म्हणजे नवे चर्च उभारणे होय, असे लिहून ठेवले. पापांच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर जितकी शाई खर्ची पडली तितकी या शेऱ्यावर पडली नाही. माझ्या मते अधिक दूरचे पाहणारा माणूस त्या खोलीत हा कार्डिनलच होता.

ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने याचा निकाल १३ जानेवारी १५४७ रोजी दिला. तो निकाल काय होता यावर आजही गैरसमज आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. माणूस देवाच्या न्यायासनापुढे नीतिमान ठरवला जाण्याविषयीचा मसुदा जून १५४६ पासून चर्चेत होता, आणि कृपेच्या निश्चिततेच्या कलमावर खुद्द कॅथलिक पंडितांतच उभी फूट पडली होती. उपदेशक ग्रंथातील वचनाचा आधार घेऊन एक बाजू म्हणत होती की आपण प्रेमास पात्र आहोत की द्वेषास, हे माणसाला कळत नाही. दुसऱ्या बाजूचे उत्तर होते की देवाची मुले असल्याची साक्ष आत्मा देतो असे रोमकरांस पत्र सांगते, तेव्हा ती साक्ष निरुपयोगी कशी मानायची? अखेरीस परिषदेने ही घरातली भांडणे मिटवायचीच नाहीत असे ठरवले आणि फक्त विरोधकांचे मत बाजूला काढले. नवव्या अध्यायात म्हटले आहे की देवाच्या दयेवर, ख्रिस्ताच्या पुण्याईवर आणि संस्कारांच्या सामर्थ्यावर कोणाही भाविकाने शंका घेऊ नये. तरीही स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहताना प्रत्येकाला भीती वाटू शकते, कारण आपल्याला देवाची कृपा लाभली आहे हे कोणालाही अशा विश्वासाच्या निश्चिततेने कळू शकत नाही, जिच्यात चूक संभवतच नाही. सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे. खात्री नाकारलेली नाही. श्रद्धेच्या सिद्धांताइतकी अचूक खात्री तेवढी नाकारलेली आहे. आशेची, अनुभवाची, व्यवहारात पुरेशी अशी खात्री शक्य आहे की नाही, यावर मजकूर मुद्दाम मूक आहे. परिणामी एकाच संन्यासी संघाचे दोन सदस्य, दोघेही परिषदेला हजर असलेले, पुढे परस्परविरोधी ग्रंथ छापून परिषद आपल्याच बाजूची असल्याचे सांगत राहिले. प्रॉटेस्टंट लेखनात मात्र हे कलम ‘देव आपल्यावर प्रेम करतो हे कळूच शकत नाही, असे रोम शिकवते’ अशा एका ओळीत आले, आणि ते अन्यायाचे आहे.

खात्रीचा पुरस्कार करणाऱ्या प्रॉटेस्टंटांनाही ती पेलली नाही. लंडनमध्ये १६४० च्या दशकात तयार झालेल्या विश्वासजाहीरनाम्याने मान्य केले की अचूक खात्री हा विश्वासाचा अपरिहार्य भाग नाही आणि खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिची दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पूर्ण सभासदत्वासाठी आपल्या परिवर्तनाची हकीकत सांगावी लागे. पुढच्या पिढीतील अनेकांना सांगण्याजोगे काही सापडेना, तेव्हा १६६२ मध्ये त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी सवलत काढावी लागली. मे १७३८ मध्ये लंडनच्या एका सभेत, विटेनबर्गच्या त्याच भिक्षूची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असताना, जॉन वेस्ली या अँग्लिकन धर्मोपदेशकाला, मेथडिस्ट चळवळीच्या प्रवर्तकाला, आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री मिळाली. अशी खात्री नसलेला माणूस देवाला अमान्यच, हे आपले सुरुवातीचे मत त्याने पुढे सौम्य केले.

मॅसॅच्युसेट्सच्या त्या परंपरेतूनच १८१३ मध्ये मुंबईत मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि १८३१ मध्ये ते अहमदनगरला पोहोचले. पण मराठी उपासनेत हा प्रश्न न्यायालयाच्या भाषेत फारसा रुजला नाही. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या कवीला, नारायण वामन टिळकांना, जाते. त्याच्या भजनांत ख्रिस्त गुरू आहे आणि माउलीही, आणि माउलीकडे लेकरू प्रमाणपत्र मागत नाही.

विसाव्या शतकात भाषा पुन्हा बदलली. १९५० च्या दशकात अमेरिकी मानसोपचाराने समोरच्याचा विनाअट स्वीकार हे उपचाराचे सूत्र मानले. ते मांडणारा मानसशास्त्रज्ञ तरुणपणी धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता, ही बाब क्वचितच सांगितली जाते. तेथून ‘तू आहेस तसा देवाला ठाऊक आहेस आणि प्रिय आहेस’ हे वाक्य साधना-शिबिरांत आणि समुपदेशनात सर्रास ऐकू येऊ लागले. आमोसाचा जाब त्यात उरला नाही.

औपचारिक वाद ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथेच लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींच्या, नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणेने बऱ्याच अंशी निवळला. विश्वासणारे देवाच्या दयेवर आणि अभिवचनांवर विसंबू शकतात, असे दोघांनी एकत्र म्हटले. कॅथलिक बाजूच्या परिच्छेदात स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहून वाटणाऱ्या काळजीचा १५४७ चा सूरही राहिला. स्वाक्षरीच्या आदल्या वर्षी रोमने घेतलेली मुख्य हरकत मात्र या मुद्द्यावर नव्हती, तर नीतिमान ठरलेला माणूस एकाच वेळी पापीही असतो या लुथरन सूत्रावर होती, आणि तिच्यासाठी वेगळे परिशिष्ट जोडावे लागले. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या या घोषणेत सामील झाल्या.