व्रण न ठेवता भरणारी जखम

लहान मुलाचा हात भाजला की घरचे कातडी बघून घाबरतात, प्लास्टिक सर्जन मात्र बोटांचे सांधे बघतो. कारण खोल भाजलेलं भरताना आकसतं, व्रण कडक होतो आणि मूल मोठं होत जातं पण व्रण काही वाढत नाही, मग बोटं आत ओढली जातात आणि पुन्हा पुन्हा ऑपरेशन. नेहमीचा उपाय म्हणजे स्किन ग्राफ्ट, मांडीची कातडी काढून हातावर लावायची, म्हणजे एक जखम बुजवायला दुसरी करायची.

आता गंमत बघा. पोटातल्या बाळाच्या कातडीला साधारण सहाव्या महिन्यापर्यंत जखम झाली तर ती व्रण न ठेवता भरते. कुणालाही वाटेल की ही गर्भजलाची करामत असणार, उबदार आणि निर्जंतुक पाणी ते. म्हणून अमेरिकेत मेंढ्यांवर प्रयोग झाला, मोठ्या मेंढीची कातडी पोटातल्या कोकराच्या अंगावर लावली आणि तिच्यावर जखम केली, तर व्रण राहिलाच! म्हणजे गुण पाण्याचा नाही, त्या कोवळ्या कातडीचाच.

याचा वापर स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या डॉक्टरांनी केला आणि 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. गर्भपातानंतर आईच्या संमतीने 14 आठवड्यांच्या गर्भाची फक्त 4 चौरस सेंटिमीटर कातडी घेतली, पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवून कोलॅजनच्या (कातडीला बळकटी देणाऱ्या प्रोटीनच्या) पातळ पट्ट्यांवर पसरल्या. एवढ्याशा तुकड्यातून 9 बाय 12 सेंटिमीटरच्या काही दशलक्ष पट्ट्या होऊ शकतात असा त्यांचा हिशोब आहे. ज्यांना एरवी स्किन ग्राफ्टच करावं लागलं असतं अशा 8 मुलांना या पट्ट्या लावल्या, दर तीन-चार दिवसांनी नवीन, आणि सरासरी 15 दिवसांत जखमा भरल्या, ग्राफ्ट एकालाही लागलं नाही.

याला ट्रान्सप्लांट म्हणायला मला जरा जड जातं. या पेशी तिथे घर करून राहत नाहीत. लग्नातला आचारी जसा येतो, स्वयंपाक उरकतो आणि निघून जातो, तसं या पेशी वाढीचे सिग्नल सोडतात आणि खरी कातडी मुलाच्या स्वतःच्याच पेशी विणतात. म्हणूनच परक्या पेशी असूनही शरीराने त्या नाकारण्याचा प्रश्न फारसा येत नाही.

पण 8 मुलं म्हणजे फारच थोडी, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि गर्भाचे पेशीसमूह वापरावेत का हा वाद तर आहेच. शिवाय हे सगळं कातडीपुरतं. अपघातात बोटाची रक्तवाहिनी किंवा नर्व्ह तुटली असेल तर ही पट्टी कामाची नाही, तिथे मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक नायलॉनच्या दोऱ्याने टाके घालत बसावंच लागतं, आणि नंतर नर्व्ह दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते.