हाफ इंजिन की फुल इंजिन? आधी क्रँककेसचं बघा

जुनी यामाहा आरएक्स १०० बांधायला काढली की पहिला सवाल ठरलेला: हाफ इंजिन करू की फुल? सल्लाही ठरलेला. पैसे कमी असतील तर हाफ, हौस मोठी असेल तर फुल. हा सल्ला साफ चुकीचा आहे.

हाफ म्हणजे हेड आणि सिलिंडर उतरवून बोअर (सिलिंडर आतून कोरून मोठा करणं), नवा पिस्टन, रिंगा. क्रँककेस, म्हणजे सिलिंडरखालची क्रँक असलेली पेटी, बंदच राहते. फुलमध्ये ती दोन भागांत उघडते. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा), रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा), बेअरिंग, सील, सगळं टेबलावर येतं.

घोळ होतो तो बुलेटवर हात बसलेल्यांचा. बुलेट फोर स्ट्रोक. तिच्यात पेट्रोल-हवेचं मिश्रण हेडमधून थेट सिलिंडरमध्ये जातं, क्रँककेसचा त्याच्याशी संबंध नाही. आरएक्स पडली टू स्ट्रोक. तिच्यात मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग पोर्टमधून वर चढतं. त्यामुळे क्रँककेस हवाबंद हवी, आणि ते काम क्रँकच्या दोन टोकांची ऑइल सील (रबरी कड्या) करतात. मॅग्नेट (वीज तयार करणारा भाग) बाजूचं सील कडक झालं की जास्तीची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापून जॅम होतो. क्लच बाजूचं गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि सायलेन्सर धुराने भरतो. अशा इंजिनाचं हाफ केलं तर नवाकोरा पिस्टनही त्याच वाटेने जातो, आणि बोल लागतो बोअर मारणाऱ्या बिचाऱ्या लेथवाल्याला.

म्हणून गाडी चालू असेल तर खोलण्याआधीच लक्ष द्या. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन चढलेलंच राहतं का? बाहेर गळती नसताना गिअर ऑइल घटतं का? तसं असेल तर संशय सीलवर. सिलिंडर उतरला की रॉड वर-खाली ओढून बघा. तिथे जराही खेळ (ढिलेपणा) नको. आडवा मात्र तो थोडा हलणारच. तो आडवा खेळ दाखवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात फुल इंजिन मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. काही इंजिनांत सील बाहेरूनही बदलता येतं, पण बेअरिंगच ढिलं असेल तर नवं सील टिकत नाही. आरएक्स १०० बंद झाली १९९६ मध्ये. मूळ सील असलेली, वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी हाती आली तर माझ्या मते फुलच करा.

कुणी क्रँककेसच बदलून देतो म्हणाला तर नको म्हणा. इंजिन नंबर तिच्यावरच असतो, आरसीशी जुळायला हवा.

हे ठरल्याशिवाय रंगाकडे वळू नका. टाकी चकचकीत करून इंजिन नंतर उघडणारे काम दुप्पट करून घेतात. आधी इंजिन, मग सगळी गाडी एकदा बिनरंगाची जोडून बघायची, ब्रॅकेट-बोल्ट बसतात का ते तपासायचं, मग चासी पावडर कोटिंगला. आणि बोअर आधी मारून त्यात बसेल असा पिस्टन शोधत फिरू नका. पिस्टन हातात घेऊन लेथवाल्याकडे जा, तो मोजूनच बोअर मारायला सांगा.