प्रतिकारक्षीण रुग्णांतील दीर्घकालीन विषाणुसंसर्ग

एरवी दोन-तीन आठवड्यांत शरीरातून नाहीसा होणारा विषाणू रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीत महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे वाढत राहतो, तेव्हा त्या अवस्थेस दीर्घकालीन विषाणुसंसर्ग म्हणतात. कांजिण्यांचा विषाणू निरोगी माणसाच्याही मज्जातंतूंत दडून राहतो व उतारवयात नागीण म्हणून वर येतो. तो प्रकार निराळा, कारण दडलेला विषाणू फारसा वाढत नाही आणि म्हणून फारसा बदलतही नाही. रक्ताचा कर्करोग, अवयवरोपणानंतरची औषधे, उपचार न मिळालेला एचआयव्ही संसर्ग व जन्मजात प्रतिपिंडन्यूनता (विषाणूंना निकामी करणारी प्रतिपिंडे ही रक्तातील प्रथिने कमी असणे) ही या अवस्थेची नेहमीची कारणे होत.

विषाणूच्या प्रती निघताना चुका होतातच. अशा रुग्णात त्या साठायला वेळ मिळतो. मात्र नुसत्या वेळेने सर्व उलगडा होत नाही. प्रतिकार भक्कम असेल तर विषाणू उरत नाही आणि मुळीच नसेल तर त्याला बदलण्याची गरज पडत नाही. प्रतिकाराला चुकवणारे बदल निवडले जाऊन टिकण्यास खरा वाव मिळतो तो अर्धवट प्रतिकारात.

केंब्रिज येथील लिम्फोमाच्या (लसीका पेशींच्या कर्करोगाच्या) एका रुग्णात हे जवळून पाहता आले. सत्तरीतल्या या गृहस्थांना पूर्वी रिटुक्सिमॅब दिलेले होते आणि ज्यांच्यापासून प्रतिपिंडे तयार होतात त्या बी-पेशी हे औषध नष्ट करते. त्यांच्या कोविड संसर्गात १०१ दिवसांत २३ वेळा विषाणूचा जनुकक्रम तपासला गेला. रेमडेसिविर या विषाणुरोधक औषधाचे दोन उपचारक्रम होऊनही पहिले ५७ दिवस विषाणूत मोठा बदल दिसला नाही. नंतर कोविडमधून बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा (प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव) देताच स्पाइक प्रथिनात, म्हणजे विषाणू ज्याच्या साहाय्याने पेशीत शिरतो त्या प्रथिनात, दोन बदल असलेला प्रकार वरचढ झाला, प्लाझ्माचा प्रभाव ओसरल्यावर मागे पडला आणि पुन्हा प्लाझ्मा दिल्यावर परतला. प्रयोगशाळेत त्यातील एक बदल प्रतिपिंडांना चुकवणारा, पण संसर्गक्षमता घटवणारा ठरला. ६९ व ७० या स्थानांवरील अमिनो आम्ले (प्रथिनाचे घटक) गळण्याचा दुसरा बदल ती तूट भरून काढत होता. हीच गळती कोविड विषाणूच्या अल्फा या प्रकारातही आढळते. अल्फा अशाच एखाद्या रुग्णात घडला असावा हे अनुमान सबळ आहे, सिद्ध मात्र नाही.

असा प्रत्येक बदललेला विषाणू पसरतोच असे नाही. ॲम्स्टरडॅममधील एका रुग्णात ६१३ दिवसांत पन्नासहून अधिक बदल साठले, तरी त्याच्यापासून इतरांना लागण झाल्याचे आढळले नाही.

कोविडच्या कितीतरी आधी पोलिओने हा धडा दिला होता. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशीतला विषाणू जिवंत, पण दुर्बल केलेला असतो. बालपणी ही लस घेतलेल्या, जन्मजात प्रतिपिंडन्यूनता असलेल्या एका ब्रिटिश पुरुषाच्या विष्ठेतून सुमारे २८ वर्षे पोलिओचा विषाणू बाहेर पडत असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तोवर त्या विषाणूला मूळची घातकता पुन्हा आलेली होती.