टँकर चालवायचाय? लायसन्सवर हॅझार्डसची नोंद अशी करून घ्या

लोटे-परशुराम, महाड, रोह्याजवळचं धाटाव, रसायनी. या सगळ्या एमआयडीसींत आम्लं आणि सॉल्व्हंटचे टँकर सतत ये-जा करतात. असा माल वाहायचा असेल तर नुसतं हेवी लायसन्स चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९ नुसार चालकाने वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर धोकादायक (हॅझार्डस) मालाची नोंद करून घ्यावी लागते.

ट्रान्सपोर्ट लायसन्स चालू स्थितीत हवं, ही पहिली अट. ते मिळायला वय किमान २० वर्षं लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स निदान वर्षभर जुनं असावं लागतं. पुढच्या अटीबाबत मात्र बराच गैरसमज आहे. आठवी पासची सक्ती २०१९ मध्ये निघाली, म्हणून आता शिक्षणाचं कुणी विचारत नाही, असं बरेच जण धरून चालतात. हॅझार्डससाठी तसं नाही. मराठीसारखी आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता यायला हवं. ही अट मला रास्तच वाटते, कारण टँकरवरच्या फलकावर रसायनाचं नाव बहुधा इंग्रजीतच असतं.

प्रशिक्षण तीन दिवसांचं असतं आणि ते राज्य शासनाची मान्यता असलेल्या संस्थेतच घ्यावं लागतं. बचावात्मक ड्रायव्हिंग, प्रगत ड्रायव्हिंग आणि मालाची सुरक्षितता असे त्याचे तीन भाग आहेत. तिसऱ्या भागाकडे नीट लक्ष द्या. फलकावरचा चार आकडी यूएन क्रमांक आत काय भरलंय ते सांगतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ अमोनिया, १०७५ एलपीजी, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडवर पाणी मारलं तर ते उसळून अंगावर येतं. रिकाम्या पेट्रोल टँकरमध्येही पेटणारी वाफ शिल्लक असते. वर्गात न बसता नुसतं प्रमाणपत्र मिळवून देणारे एजंट भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. तीन दिवसांचा रोज बुडतो हे खरं आहे. पण परशुराम घाटात भर पावसात व्हॉल्व्ह गळायला लागला, तर तिथे तुम्ही आणि तुमचा क्लीनर दोघंच असता.

अर्ज सारथी या लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर करायचा. लायसन्सच्या सेवांमध्ये धोकादायक माल वाहून नेण्याच्या नोंदीचा पर्याय आहे. लायसन्स, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि ओळखीचा व पत्त्याचा पुरावा जोडा, शुल्क भरा आणि मूळ कागद घेऊन आपल्या आरटीओत जा. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, पेण, पनवेल, ज्याचं त्याचं कार्यालय ठरलेलं आहे. त्याच वेळी लायसन्सचं नूतनीकरणही करायचं असेल तर डॉक्टरांकडून नमुना १-ए भरून घ्या. आधार, लायसन्स आणि प्रमाणपत्र यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे घरीच तपासा.

ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षं चालतं, हॅझार्डसची मुदत तीनच वर्षं. कार्डावर तिची तारीख वेगळी छापलेली असते, ती पाहत चला. नूतनीकरणाआधी उजळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, तेव्हा मुदत संपायच्या आधीच बॅच बघून ठेवा.

नोंद झाली की जबाबदारीही तुमच्यावर येते. मालाची लेखी माहिती आणि ट्रेम कार्ड (अपघात किंवा गळती झाली तर काय करायचं ते सांगणारं कार्ड) कायम केबिनमध्ये, हाताशी हवं. मालकाने ते दिलं नसेल तर मागून घ्या आणि मिळेपर्यंत गाडी हलवू नका. आपत्कालीन माहितीचा फलक दोन्ही बाजूंना आणि मागे, वाचता येईल असा हवा. जेवायला थांबलात तरी गाडी आगीपासून लांब, सुरक्षित जागी लावायची आणि तिच्यापाशी तुम्ही किंवा अठरा वर्षांवरचा जाणता माणूस थांबायचा. हा नियम १३३ आहे. महामार्गावरच्या ढाब्यांवर तो सर्रास मोडला जातो, हे बघून जीव तुटतो.

अपघात झाला किंवा गळती लागली, तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला आणि गाडीच्या मालकाला कळवणं नियमानेच चालकावर बंधनकारक आहे. ठाण्याचा नंबर जवळ नसेल तर ११२ लावा आणि फलकावरचा यूएन क्रमांक आधी सांगा.